दोन कारखाने, एक प्रश्न

बंगळूरच्या कोरमंगलात आज कॉफी प्यायला बसलं, तरी शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी बिझनेस प्लॅन उघडलेला असतो. ही सवय स्टार्टअपवाल्यांनी आणली असं मानायचं कारण नाही. १९३५ ते १९४७ या काळात इथे दोन मोठ्या उद्योगांचा विचार झाला, आणि दोन्हींच्या मागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते.

मोटारींची योजना सर विश्वेश्वरय्यांची. पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअर झालेला, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवलेला, म्हैसूरची दिवाणगिरी करून झालेला हा माणूस पंचाहत्तरीच्या आसपास युरोप-अमेरिकेतले कारखाने हिंडून आला आणि मोटार कारखान्याचा रीतसर आराखडा लिहून मोकळा झाला. (या वयात आपल्याकडे लोक आत्मचरित्र लिहायला घेतात.) वालचंदांनी तो उचलला, मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानेही अनुकूलता दाखवली. दिल्लीच्या इंग्रज सरकारने मात्र पाठबळ दिलं नाही आणि योजना पडून राहिली.

विमानांचं उलट झालं. १९३९ मध्ये प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. चीनमध्ये त्याचा विमान कारखाना होता. सरकार आधी ढिम्म होतं; १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि त्याला घाई सुटली. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली, संस्थानाचे २५ लाख रुपये घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी पहिलं प्रशिक्षण विमान उडालं. इतका वेग आजही कुणाला हेवा वाटेल असा.

पण माल घेणार एकटं सरकार, युद्धामुळे हुकूमही त्याचाच. १९४१ मध्ये ते भागीदार झालं. जपान दाराशी येताच, १९४२ मध्ये, वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाहेर काढलं. आजची ‘एचएएल’ ती हीच.

एकच गिऱ्हाईक असेल आणि उद्या त्यालाच दुकान हवंसं वाटलं तर? कराराआधी हा प्रश्न लिहून काढला असता, तरी सरकार थांबलं नसतं, हे मान्य. पण वालचंदांना आपण कशात पाय घालतोय याचा अंदाज आला असता आणि हिश्शाची किंमत, बाहेर पडण्याच्या अटी आधीच मागून घेता आल्या असत्या. आराखड्यातली विक्रीची आकडेमोड बहुधा चुकतेच. अडचणींचं पान मात्र वाया जात नाही.

मोटारींची कल्पना काही मेली नाही. १९४४ मध्ये वालचंदांनी क्रायस्लरशी हातमिळवणी करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, ती बंगळूरहून नव्हे, मुंबईच्या कुर्ल्याहून.