कागदांच्या मागावर : लेखांक ७
नेला, पण कुठे?

रात्री साडेअकराला दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. पायांत चप्पल नाही, हातात मुलाच्या मोबाइलचा चार्जर.

"दादा, पोराला नेलं हो."

कोणी? पोलिसांनी. कुठल्या ठाण्याच्या? "साध्या कपड्यांत होते, पांढरी गाडी होती. संध्याकाळी साडेसातला नेलं. म्हणाले, जरा विचारायचंय, तासाभरात सोडतो." चार तास त्या माउलीने भात झाकून वाट पाहिली होती. चार्जर का आणला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नाही.

मागच्या लेखांकात आपण कोर्टाच्या नक्कल विभागाच्या खिडकीशी थांबलो होतो. आज त्याच्या बरेच अलीकडे जाऊ. माणूस उचलला गेला आहे आणि तो कागदावर कुठे उमटला, हे घरच्यांना शोधायचे आहे. अमेरिकेत बऱ्याच काउंट्यांमध्ये शेरीफचे कार्यालय तुरुंगात आलेल्यांची यादी संकेतस्थळावर टाकते, अनेकदा फोटोसकट. ते फोटो उचलून छापायचे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदाही तिथे काहींनी केला. आपल्याकडे तशी एकगठ्ठा यादी हाताशी नसते, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटत नाही. पण म्हणून आपल्याकडे नोंदच होत नाही, असे नाही. उलट नोंदी चार ठिकाणी होतात: ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात आणि कारागृहात. अडचण एवढीच की या चारही ठिकाणी तुमच्या माणसाचे नाव एकसारखे लिहिलेले असेल याची खात्री नाही. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कुणी 'डी'पासून लिहितो, कुणी 'जी'पासून, कुणी 'जे'पासून. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते, आडनाव गळून पडते. म्हणून माझा पहिला सल्ला काहीसा रुक्ष आहे: नाव बाजूला ठेवा, नंबर धरा.

त्या रात्री आमच्याकडे नंबर नव्हता. आम्ही जवळच्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी वही न उघडताच सांगितले, "आमच्याकडे कुणी नाही." ते खोटे बोलत होते असे नाही. साध्या कपड्यांतली माणसे ठाण्याची असतीलच असे नसते. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे एलसीबी, शहरात क्राइम ब्रँच. गुन्हा एका ठाण्यात दाखल, उचलणारे पथक दुसरेच आणि लॉकअप तिसऱ्याच ठाण्याचे, हे रोजचे आहे. सगळ्या ठाण्यांना लॉकअप असतेच असेही नाही.

अशा वेळी ठाण्याठाण्यांतून फिरत बसण्यापेक्षा जिल्ह्याचा किंवा आयुक्तालयाचा नियंत्रण कक्ष गाठावा. हे उपकार मागणे नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष हवा, आणि प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराच्या दर्जाहून कमी नसलेला एक नेमलेला अधिकारी हवा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप यांची माहिती ठेवणे ही त्याची जबाबदारी. ती माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, लावायची आहे. कलम ४८ त्याच्या पुढचे सांगते: अटक करणाऱ्याने ताबडतोब नातेवाइकाला, मित्राला किंवा अटक झालेला सांगेल त्या माणसाला कळवायचे, आणि कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातल्या वहीत करायची.

ही कलमे आकाशातून पडलेली नाहीत. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या विधिसाहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यातून १९९६ चा प्रसिद्ध निकाल आला आणि अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, नियंत्रण कक्षातला फलक हे सारे नियमांत बसले. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, आपल्या मुंबईचे प्रकरण होते. पत्रकार शीला बारसे यांनी मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून पाच जणींना लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाला कळवले. अटक झालेल्याकडून नातेवाइकाचे वा मित्राचे नाव विचारून घ्या आणि त्याला कळवा, असे न्यायालयाने तेव्हाच पोलिसांना बजावले होते.

नियंत्रण कक्षाकडून पहाटे तीनच्या सुमारास कळले: मुलगा एलसीबीकडे आहे, लॉकअप शेजारच्या तालुक्याच्या ठाण्यात. मी एकच विचारले, "गु.र.नं. काय?" पलीकडून नंबर, वर्ष, ठाण्याचे नाव आणि कलम आले. काकूंनी तो नंबर चार्जरच्या खोक्यावर लिहून घेतला.

गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं., हाती आला की पुढची कुलपे एकामागून एक उघडतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकली की प्रकाशित प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, पाहता येतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. अडचण असेल तर ४८, दुर्गम भागात फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. तेव्हा पोर्टलवर दिसला नाही म्हणजे गुन्हाच नाही, असा अर्थ लावू नका. त्याच आदेशाने आरोपीच्या वतीनेही प्रतीसाठी अर्ज करता येतो: पोलिसांकडे केला तर २४ तासांत, कोर्टाकडे केला तर दोन कामकाजाच्या दिवसांत.

इथे एक गोष्ट तपासून घ्यावी. नेलेला प्रत्येक माणूस अटक झालेला नसतो. हजर राहण्याची नोटीस देऊन सोडलेला असू शकतो. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर हा सगळा रस्ताच वेगळा: त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तो बाल न्याय मंडळापुढे जातो, निरीक्षणगृहात राहतो, आणि त्याची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. अशा वेळी नाव घेऊन गावभर चौकशी केली तर पुढे त्याचेच नुकसान होते.

आता ज्या कागदासाठी मी हा लेखांक लिहायला घेतला, तो कागद. अटकेचा पंचनामा. छापील नमुन्यातली गाळलेली जागा भरलेली असते: अटकेची तारीख, वेळ, ठिकाण. खाली साक्षीदाराची सही, हा साक्षीदार घरचा किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस असावा लागतो, आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी. आमच्या प्रकरणात वेळ होती ०२.१०. काकूंच्या दारातून मुलगा गेला तो साडेसातला. मधले साडेसहाहून अधिक तास कुठल्याच वहीत नव्हते. पोलिसी भाषेत त्याला 'चौकशीसाठी आणले' म्हणतात, वर्तमानपत्री भाषेत 'ताब्यात घेतले'. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच एका सीमाशुल्क प्रकरणात सांगितले आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आले तिथे अटक सुरू झाली, अधिकाऱ्याने कागदावर वेळ टाकली तिथे नव्हे. कोर्टापुढे हजर करण्यासाठी घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेले चोवीस तास मोजायचे ते यावरून.

म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी त्याच रात्री कराव्यात. एक, माणूस किती वाजता, कोणासमोर नेला, हे साध्या कागदावर लिहून सही करून ठेवावे. शेजाऱ्याची सही मिळाली तर उत्तम. दुसरे, ठाण्याच्या सीसीटीव्ही चित्रीकरणाची मागणी लेखी द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा कॅमेऱ्याखाली आणला आणि चित्रीकरण १८ महिने, ती सोय नसेल तर निदान वर्षभर, जपायला सांगितले. मागणी तोंडी केली तर कॅमेरा हमखास 'बंद' निघतो, असा माझा अनुभव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला कोर्टात उभे केले. रिमांडच्या वेळी वकिलाने साडेसातची वेळ सांगितली, काकूंचा कागद दाखल केला, आणि ते रोजनाम्यात आले. पोलीस कोठडी मिळाली, तीन दिवसांची. आवारात याला 'पीसीआर' म्हणतात. न्यायालयीन कोठडीला 'एमसीआर'. घरच्यांना हे दोन शब्द पाठ असावेत, कारण माणूस कुठे आहे ते यावरून ठरते: पीसीआर म्हणजे लॉकअप, एमसीआर म्हणजे कारागृह. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनीही घेता येतात, त्यामुळे एकदा कारागृहात गेलेला माणूस पुन्हा लॉकअपमध्ये दिसला तर गोंधळू नका.

अटकेची कारणे लेखी मिळाली का, हेही विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारणे लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि ऐन वेळी देता आली नाहीत तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी द्यायला हवीत. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रतही मागता येते.

कोर्टाची नोंद ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष टाकून सापडते. तिथे अक्षरे-अंक मिळून सोळा जागांचा सीएनआर क्रमांक मिळतो, तो खोक्यावर दुसऱ्या ओळीत लिहायचा. प्रमाणित प्रती मागायच्या त्या नक्कल विभागात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोर्टाच्या कागदांना चालत नाही, कोर्टाचे स्वतःचे नियम चालतात, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पोलिसांकडच्या नोंदींना मात्र तो चालतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित' असे लिहिले आणि ते खरे असेल, तर उत्तर ४८ तासांत द्यावे लागते. 'तपास चालू आहे' एवढेच लिहून अर्ज परत आला तर पहिले अपील करा. नुसता तपास चालू असणे पुरेसे नाही, माहितीने तपासाला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. आणि माणूस कुठेच सापडत नसेल, तर अर्ज-अपील बाजूला ठेवून थेट उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका. वकील परवडत नसेल तर विधिसेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

चौथ्या दिवशी एमसीआर झाला. काकूंनी ई-मुलाकातीसाठी अर्ज भरला, तो फेटाळला गेला. कारण सांगितले, 'या नावाचा बंदी नाही'. जेल वॉरंटवर मुलाच्या नावातला एक काना गेला होता. कारागृहाच्या मुलाकात खिडकीवर जाऊन त्यांनी चार्जरचे खोके पुढे केले. आतल्या शिपायाने गु.र.नं.वरून वही चाळली आणि बंदी क्रमांक सांगितला. तो तिसऱ्या ओळीत गेला. गर्दीमुळे बंदी दुसऱ्या कारागृहात हलवतात तेव्हा हा क्रमांक बदलतो, म्हणून तो पेन्सिलीने लिहा.

चार्जर अर्थातच आत घेतला नाही.

(पुढील लेखांकात : दोषारोपपत्राची प्रत आणि त्यातली पाने मोजण्याची कला)