‘अर्धा मराठी’ म्हणजे किती मराठी?

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलात, की प्रसादाच्या रांगेत अशी एखादी मुलगी हमखास दिसते: आडनाव कुलकर्णी, केस दाट कुरळे, आई अटलांटाची कृष्णवर्णीय अमेरिकन. किंवा असा मुलगा: आडनाव जर्मन, आई साताऱ्याची, डोळे घारे. कुणीतरी काकू प्रेमानंच विचारतात, "मराठी येतं का रे तुला?" प्रश्न साधा असतो, हेतूही चांगला असतो. पण गंमत बघा. त्याच रांगेत पुढे जोशींचा मुलगा उभा असतो. त्याचे आईवडील दोघंही पुण्याचे, पण त्याला मराठीचं एक वाक्य धड बोलता येत नाही. त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो ‘आपला’ असल्याचं चेहऱ्यावरूनच ठरून गेलेलं असतं.

म्हणजे परीक्षा भाषेची नसतेच. ती कुणाची घ्यायची, हे आधीच ठरलेलं असतं.

मिश्र घरातल्या मुलांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा त्या मुलांच्या मनात डोकावतो. त्यांची ‘ओढाताण’ होते का? ती ‘गोंधळलेली’ असतात का? मला वाटतं, हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारायला हवा: दार उघडायचं की नाही हे कोण ठरवतं आणि कशावरून? हे समजून घ्यायला भारतीय अमेरिकनांच्याच इतिहासातलं एक प्रकरण फार उपयोगी पडतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं, कारण आपला अमेरिकेतला इतिहास १९६५ नंतरच सुरू झाला असं आपण धरून चालतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून काही हजार पुरुष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यात बहुतेक शीख होते, काही मुसलमान, काही हिंदू. अमेरिकन लोक मात्र सरसकट सगळ्यांनाच ‘हिंदू’ म्हणत. लाकडाच्या गिरण्या, रेल्वे आणि मग शेती, अशी कामं करत ते कॅलिफोर्नियात स्थिरावले: उत्तरेला युबा सिटीच्या आसपास, दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इंपीरियल व्हॅलीत. १९१७ च्या कायद्यानं आशियातल्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना बंदी घातली. गावाकडून बायको आणायचा रस्ता बंद. इथल्या गोऱ्या बाईशी लग्न करावं, तर कॅलिफोर्नियाचा वर्णभेदी विवाह कायदा आडवा.

त्याच काळात मेक्सिकोत क्रांतीची धामधूम चालू होती. तिथून निसटलेली कुटुंबं इंपीरियल व्हॅलीत कापूस वेचायला येत होती. शेतावर ओळखी झाल्या आणि १९१६ च्या सुमारास लग्नं होऊ लागली. परवाना देणारा काउंटी क्लार्क दोघांच्या रंगाकडे बघायचा. दोघंही त्याला ‘तपकिरी’ वाटले, की कागद पुढे सरकायचा. वंशाची एवढी मोठी भिंत, आणि तिची चावी एका कारकुनाच्या नजरेत! मानववंशशास्त्रज्ञ कॅरन लेनर्ड यांनी या कुटुंबांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात पावणेचारशेच्या आसपास जोडप्यांची नोंद आहे. त्यात बहुतेक बायका मेक्सिकन वंशाच्या. पुष्कळदा एकीचं लग्न झालं, की तिची बहीण नवऱ्याच्या भागीदाराशी लग्न करायची.

या घरांत जन्मलेल्या मुलांची नावं मारिया, होसे, रोदोल्फो अशी, आणि पुढे आडनाव सिंग किंवा खान. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. रविवारी कॅथलिक चर्च. ताटात कोंबडीचा रस्सा, सोबत कधी पोळी, कधी तोर्तिया. युबा सिटीत ‘एल रांचेरो’ नावाच्या हॉटेलात पुढे ‘रोटी केसादिया’ मिळायचा. आज कुणी याला फ्यूजन म्हणेल, पण त्या घरांत ते रोजचं जेवण होतं.

पंजाबी भाषा मात्र बहुतेक मुलांपर्यंत पोचली नाही. यात बापांचा कोरडेपणा शोधायची गरज नाही. बाप दिवसभर शेतात. गावाकडची आजी नाही, आत्या नाही, काकी नाही. भाषा मुलांपर्यंत ज्या बायकांच्या तोंडून पोचते, त्यांनाच कायद्यानं अडवलं होतं. हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपण भाषा येत नसल्याचा दोष मुलाला किंवा त्याच्या ‘बाहेरच्या’ पालकाला देऊन मोकळे होतो.

आता कायद्याचा पुढचा अंक. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. ज्यांना ते आधीच मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. थिंड यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. नाव वाचूनच आपले कान टवकारतात! त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं आणि त्यांच्या पत्नी लिलियन गोऱ्या अमेरिकन होत्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नवरा नागरिकत्वाला ‘अपात्र’ ठरला, तर अमेरिकेत जन्मलेल्या बायकोचंही नागरिकत्व धोक्यात येई. हा नियम १९३१ मध्ये रद्द झाला. पंडित स्वतःच्या खटल्यात उभे राहिले, १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले, आणि पुढे सरकारनं असे खटले सोडून दिले. आंतरवंशीय लग्न ही तेव्हा नुसती दोन घरांची गोष्ट नव्हती. त्यात बायकोचा देशच जाऊ शकत होता.

इंपीरियल व्हॅलीत याचा वेगळा परिणाम झाला. नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना कॅलिफोर्नियात शेतजमीन मालकीनं घेता येत नव्हती. मग काही जणांनी जमीन मुलांच्या नावावर ठेवली. मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणून घटनेनं नागरिक. जरा थांबून याचा विचार करा. ज्या मुलांना शाळेत गोरी मुलं मेक्सिकन म्हणून आणि मेक्सिकन मुलं ‘हिंदू’ म्हणून हिणवायची, तीच मुलं सगळ्या घराचा कायदेशीर आधार होती. त्यांना कुणी ‘अर्धी’ म्हणो, सातबाऱ्यावर अर्धं नाव लागत नाही.

नेमक्या याच काळात, १९२८ साली, शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी ‘सीमेवरचा माणूस’ ही कल्पना मांडली. दोन संस्कृतींच्या मध्ये राहणारा, कुठल्याच संस्कृतीत पूर्ण न मुरलेला, आतून अस्वस्थ माणूस. पार्क यांना त्यात एक प्रकारची मोकळी नजरही दिसत होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती अस्वस्थताच, आणि मिश्र मूल म्हणजे बिचारं मूल हा समज घट्ट झाला. नंतरच्या संशोधकांनी त्यावर चांगलाच आक्षेप घेतला. अस्वस्थता रक्तातून येत नाही. माणसाला रोज दारात उभं करून ओळखपत्र मागितलं, तर कुणीही अस्वस्थ होईल. मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी १९९० च्या दशकात मिश्र वारशाच्या लोकांसाठी हक्कांची एक यादीच लिहिली. तिचं सार असं, की आपण कोण आहोत याचा खुलासा देत बसायला हे लोक बांधील नाहीत, स्वतःची ओळख ते आपल्या भावंडांहून वेगळी सांगू शकतात, आणि आयुष्यात पुढे ती बदलूही शकतात.

आता या कहाणीतला सगळ्यात बोचरा भाग. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं आणि वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा मिळाला. मग १९६५ च्या कायद्यानं दार सताड उघडलं. युबा सिटीत पंजाबातून नवी कुटुंबं येऊ लागली, या वेळी बायकामुलांसकट. त्यांनी तिथं काय पाहिलं? सिंग आडनावाची, स्पॅनिश बोलणारी, चर्चला जाणारी माणसं. आणि पुष्कळांनी ठरवलं, हे आपले नाहीत. ज्या म्हाताऱ्यांनी १९१२ पासून स्टॉकटनचा गुरुद्वारा चालवला, ज्यांनी नव्या लोकांसाठी वाट तयार केली, त्यांचीच मुलं पाहुण्यासारखी कडेला पडली. गोऱ्या लोकांचा नकार त्यांना सवयीचा होता. हा नकार नवा होता, कारण तो बापाच्या बोलीत आला.

त्यावर या मंडळींनी काय केलं? १९७४ मध्ये त्यांनी युबा सिटीत जुन्या मंडळींचा नाताळातला नाच सुरू केला. दरवर्षी जमायचं, जेवायचं, नाचायचं. कुणी मान्यता देईल याची वाट न बघता त्यांनी स्वतःची जागा केली. मला याचं कौतुक वाटतं, पण वाईटही वाटतं. ती जागा वेगळी करायची वेळच यायला नको होती.

"हे पंजाब्यांचं झालं, आपलं काय?" असं कुणी म्हणेल. तर आपल्याकडेही उदाहरण आहे. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, नंतर मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या, आणि दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. त्यांनी लग्न केलं ते झान सिंदिक या बेल्जियन बाईंशी. मुली दोन, सावित्री आणि माया. पुढे हे कुटुंब भारतात आलं आणि खानखोजे १९६७ मध्ये नागपुरात वारले. मराठीत त्यांचं चरित्र वीणा गवाणकरांनी लिहिलं, इंग्रजीत लिहिलं ते लेकीनं, सावित्री साहनी यांनी. मेक्सिकोत वाढलेली, बेल्जियन आईची ही मुलगी मराठी की नाही, असं आपण विचारत नाही. खानखोज्यांची लेक ती आपलीच, एवढं बोलून मोकळे होतो. म्हणजे मनात आणलं, तर आपल्याला जमतं की! फक्त त्यासाठी बाप क्रांतिकारक असावा लागतो, ही अट काढून टाकायला हवी.

कारण आता हा दोनचार घरांचा प्रश्न उरलेला नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०१५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या नवविवाहित आशियाईंपैकी ४६ टक्क्यांचा जोडीदार दुसऱ्या वंशाचा किंवा हिस्पॅनिक होता. जनगणनेच्या अर्जावर एकाहून जास्त वंशांवर खूण करायची सोय २००० साली पहिल्यांदा झाली. अशी खूण असलेले लोक २०१० मध्ये ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. दहा वर्षांत एवढी बाळं जन्मली असा याचा अर्थ नाही. प्रश्न विचारायची आणि उत्तरं नोंदवायची पद्धत सुधारली, हेही त्यामागचं मोठं कारण आहे. अर्जात जागा केली आणि माणसं दिसायला लागली. मंडळाचंही तसंच आहे.

आणि कायद्याचंच म्हणाल, तर भारत सरकारसुद्धा आपल्याहून उदार आहे. ओसीआय कार्डासाठी पणजोबा किंवा पणजी यांपैकी एकजण भारताचा नागरिक होता, एवढं साधारणपणे पुरतं. तिथं कुणी "पुरणपोळी आवडते का?" असं विचारत नाही.

तुम्ही स्वतः अशा घरातले असाल, तर एवढंच सांगेन: तुमच्या आधी शंभर वर्षं ही वाट कुणीतरी चालून गेलंय. तुमची बेरीज अर्धं अधिक अर्धं अशी करायची गरज नाही. मराठी शिकायची असेल तर जरूर शिका, पण ती आजीशी गप्पा मारता याव्यात म्हणून, प्रवेशपरीक्षा म्हणून नाही.

आणि तुम्ही माझ्यासारखे दोन मराठी पालकांचे असाल, तर काम आपल्याकडे जास्त आहे. मराठी शाळेत दुसऱ्या पालकासाठीही एक वर्ग ठेवता येईल का? कार्यक्रमाच्या सूचना इंग्रजीतही देता येतील का? नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका कुरळ्या केसांच्या मुलीला मिळेल का? आणि "मराठी येतं का?" हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो सगळ्यांना विचारूया, जोशींच्या मुलालाही. नाहीतर सरळ मराठीतच बोलायला लागूया, सावकाश, सोप्या शब्दांत. समोरच्याला किती येतं ते आपोआप कळेल, आणि तेवढ्यात थोडं जास्त येऊ लागेल.