पॉवर बँक हातातच का?

सुपूर्द केलेली पेटी उघडवून कपड्यांच्या तळाशी ठेवलेली पॉवर बँक विमानतळावरील अंमलदार बाहेर काढावयास लावतो, तेव्हा प्रवाशास तो जाच वाटतो. परंतु पॉवर बँकेतल्या लिथियमच्या घटातील धन आणि ऋण अग्रांमधला पातळ पडदा फाटला, की उत्पन्न झालेली उष्णता स्वतःच अधिक उष्णता निर्माण करीत जाते, आणि असा अग्नी विमानाच्या पोटातील मालकक्षात भडकला तर तेथे पाणी घेऊन कोण धावणार? २०१६ साली सॅमसंगचे गॅलॅक्सी नोट ७ हे फोन पेटू लागल्यावर अमेरिकेने ते विमानात आणण्यासच मनाई केली, ती सर्वथा योग्य होती. हातातील सामानातून न्यावयाच्या पॉवर बँकेस सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ भरते. वर छापलेला क्षमतेचा आकडा पुसट झालेली पॉवर बँक घेऊन कोणी प्रवासास निघू नये, ही वाचकांस कळकळीची विनंती.