फेंगडे पाय : हाडं वाढताहेत तोवरच

घोटे जुळवून उभं राहिलं तरी मुलाचे गुडघे टेकत नाहीत, मधून हात आरपार जातो. हेच फेंगडे पाय. दोन वर्षांपर्यंतच्या बाळात ही ठेवण नैसर्गिक असते आणि आपोआप जाते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलात ती दिसत असेल, वाढत असेल किंवा एकाच पायात असेल, तर ‘मोठं झालं की सरळ होईल’ म्हणून आपण थांबू नये.

सुरुवात शाळेतूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे पाय नजरेतून सुटणार नाहीत. वाशिम जिल्ह्यात असाल तर तिथून वाशिमचं जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

एक्स-रे उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत सलग आणि गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून काढलेला हवा. झोपवून काढलेल्या नुसत्या गुडघ्याच्या फोटोत बाक नीट मोजता येत नाही.

मग रक्ततपासणी : कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ राहण्याचा आजार, आधी आटोक्यात यायलाच हवा. नाहीतर सरळ केलेलं हाड पुन्हा वाकतं. काही मुलांत ऊन कमी पडलेलं नसतं, मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जात असतो. त्यांचं औषध वेगळं. म्हणून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मनानं देऊ नयेत. बोअरचं पाणी पीत असाल तर तेही सांगावं. विदर्भात काही ठिकाणी त्यात फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानंही हाडं बिघडतात.

आता शस्त्रक्रिया. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिथूनच हाड लांब होतं. ती उघडी, म्हणजे वाढ अजून चालू असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला छोटी पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. तिकडची वाढ अडते, आतली चालू राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. हाड कापावं लागत नाही. बहुतेक मुलं थोड्याच दिवसांत चालतात. मात्र मुलींची ही वाढ साधारण चौदाव्या, मुलांची सोळाव्या वर्षी संपत येते आणि पाय सरळ व्हायला वर्षभर किंवा जास्त लागतं. म्हणून मला वाटतं, इथे वर्ष वाया घालवण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

सगळ्यात जास्त चूक यानंतर होते. पाय सुधारताना दिसतो, त्यात सोयाबीनची सोंगणी येते आणि तीन-चार महिन्यांनी दाखवायचं राहून जातं. पट्टी मात्र आपलं काम करतच राहते. वेळेत काढली नाही तर पाय उलट्या बाजूला वळतो, गुडघे एकमेकांवर घासू लागतात. पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी. पट्टी काढल्यावरही वाढ संपेपर्यंत दाखवत राहावं, कारण बाक परत येऊ शकतो.

वाढ संपली असेल तर हाड कापून, सरळ करून प्लेटनं जोडतात. बाक फार असेल तर इलिझारोव्ह, म्हणजे पायाभोवतीच्या कड्यांची चौकट, बसवून तो थोडा थोडा सोडवतात. ही चौकट धरणाऱ्या तारा हाडात जिथून शिरतात त्या जागा रोज स्वच्छ ठेवाव्या लागतात. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. ही शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते दाखल होण्याआधीच विचारावं.

हाड कापल्यानंतर औषधानंही दुखणं वाढतच गेलं, बोटं बधिर झाली किंवा पंजा वर उचलता येईना, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावं.

हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. तोवर शाळा कुबड्यांवर. मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणता येईल का, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवावं.