झळ इथली, तुफान तिथले

एप्रिलची दुपार. दुर्ग-भिलाईच्या जोडशहरातल्या आमच्या पद्मनाभपुरात या वेळी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. खिडक्यांना पडदे, दारांना ओले पडदे, कूलरची घरघर. गच्चीवर मात्र आम्हा बायकांचे राज्य. सकाळी घातलेल्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. पश्चिमेकडून येणारी ही झळ अंगाची लाही करते. पण वाळवणासाठी तिच्यासारखी मैत्रीण नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी ओडिशाच्या, माहेर बालासोरकडचे. त्यांचे यजमान पोलाद कारखान्यात नोकरीला होते आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. या वहिनींची एक सवय मला अनेक वर्षे गमतीची वाटे. लागोपाठ चार दिवस झळा लागल्या की पाचव्या दिवशी त्या माहेरी फोन करणार आणि पहिला प्रश्न विचारणार, "आकाश कसं आहे?" तब्येत, लग्नकार्य, भाचरांच्या परीक्षा हे सगळे नंतर. एकदा मी हसून म्हटले, "अहो वहिनी, ऊन इथं तापलंय, आणि चौकशी तिथल्या आभाळाची?" त्या म्हणाल्या, "इथं तापलं की तिथं फुटतं."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेले. पुढे या विषयावर वाचत गेले, तेव्हा कळले की हवामानशास्त्राचे मोठे पुस्तक वहिनींनी चार शब्दांत सांगितले होते.

वावटळ नव्हे, चक्रीवादळही नव्हे

आपल्या मराठी घरांत वावटळ सगळ्यांच्या ओळखीची. उन्हाळ्यात मोकळ्या रानात धूळ, पाचोळा, कागदाचे कपटे गरगरत वर जातात. 'तिच्यात भूत नाचतं, वाटेत उभं राहू नको,' असे आजी सांगायची. ही वावटळ जमिनीवरून वर चढते, आकाश निरभ्र असताना. घटकाभर खेळते आणि विरून जाते. फार तर दोरीवरचे कपडे उडवते.

चक्रीवादळही आता सर्वांना ठाऊक झाले आहे. ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते, दिवसेंदिवस जगते. इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात घडला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थांनी 1848 साली तो आपल्या पुस्तकात वापरला. वेटोळे घातलेल्या सर्पाच्या ग्रीक कल्पनेवरून.

वहिनींच्या माहेरी ज्याची भीती असते ते यांतले काहीच नव्हे. ते टोर्नेडो. ते काळ्याकुट्ट ढगाच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखे खाली उतरते. रुंदी कधी काही मीटर, कधी काही शे मीटर. आयुष्य बहुधा मिनिटांचे. पण त्या मिनिटांत जगातला सर्वांत वेगवान वारा त्या सोंडेत असतो. टोर्नेडो म्हटले की आपल्याला अमेरिकेतले चित्रपट आठवतात; आणि खरोखरच सर्वांत जास्त टोर्नेडो अमेरिकेत होतात. पण एका टोर्नेडोने सर्वाधिक माणसे मारली ती अमेरिकेत नव्हे. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशच्या माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि सातुरिया या भागांवरून एक टोर्नेडो गेला. सुमारे तेराशे माणसे मृत्युमुखी पडली. टोर्नेडोच्या इतिहासात याहून मोठा आकडा नाही.

तारीख पाहा: एप्रिल. ओडिशाच्या किनाऱ्यापासून बंगालपर्यंत आणि पुढे बांगलादेशापर्यंतच्या सखल मुलखात हा प्रकार होतो तो बहुधा मार्च ते मे या महिन्यांत. समुद्रातली मोठी चक्रीवादळे प्रामुख्याने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर येतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाची वादळाची तयारी एका ऋतूची आणि हा पाहुणा वेगळ्याच ऋतूतला.

वात वळावी तसे

आता आमच्या झळांचा संबंध कुठे येतो ते सांगते.

उन्हाळ्यात बंगालच्या उपसागरावरून दमट वारा ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर येतो. तो जमिनीलगत असतो, दक्षिणेकडून वाहतो. त्याच वेळी मध्य भारतात, म्हणजे छत्तीसगड आणि छोटा नागपूरच्या पठारांवर, जमीन तव्यासारखी तापलेली असते. ही कोरडी, गरम हवा पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकते. पठार संपून सखल किनारा लागला की ती खाली उतरत नाही. दमट हवेच्या डोक्यावरून, दीड-दोन किलोमीटर उंचीवरून पुढे जाते. म्हणजे खाली ओलसर हवा आणि वर गरम हवेचे झाकण.

आपल्या कुकरसारखेच म्हणा ना. खाली सूर्य आच देतो आहे, वाफ कोंडते आहे आणि झाकण घट्ट आहे. झाकण सैल असते तर दुपारी चार थेंब पडून मोकळे झाले असते. पण ते घट्ट असल्यामुळे दिवसभर जोर साठत जातो. दुपार कलल्यावर कुठेतरी झाकण फाटते, आणि मग कोंडलेली हवा अशी उसळते की ढगाचे डोके पंधरा किलोमीटरपर्यंतही पोहोचते. वीज, गारा, सोसाट्याचा वारा. बंगाल-ओडिशात याला कालबैसाखी म्हणतात. वायव्येकडून येते, म्हणून इंग्रजांनी तिचे नाव 'नॉरवेस्टर' ठेवले. आसामात हिलाच बरदोईचिला म्हणतात.

बहुतेक कालबैसाखी पाऊस पाडून, आंब्याच्या कैऱ्या झोडपून निघून जातात. लोक त्यांची वाटही पाहतात, कारण उकाडा त्यांनीच कमी होतो. क्वचित एखादीच्या पोटी सोंड जन्मते. ती कशी? समईसाठी वाती वळणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. खालचा तळवा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे सरकवला की मधला कापूस गोल फिरू लागतो. इथे खालचा वारा दक्षिणेचा, वरचा पश्चिमेचा आणि त्याहून वेगवान. मधल्या हवेची आडवी वात वळली जाते. उसळणारा ढग ही आडवी वात उचलून उभी करतो, आणि सबंध ढगच आतून फिरू लागतो. तरीही अशा फिरणाऱ्या ढगांपैकी प्रत्येकातून सोंड जमिनीला टेकतेच असे नाही. नेमकी कोणत्या ढगातून टेकेल, हे शास्त्रज्ञांना आजही आधी सांगता येत नाही.

नकाशा काढून बसले तेव्हा मला आणखी एक गंमत दिसली. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा ज्या दिशेने ओडिशात उतरल्या, त्याच दिशेने ही हवाही जाते. 1751 पासून 1803 पर्यंत कटक-बालासोरवर भोसल्यांचा अंमल होता. देवगावच्या तहात तो मुलूख इंग्रजांकडे गेला. छत्तीसगडही तेव्हा त्यांच्याकडेच. दुर्गात जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांना हा इतिहास सांगायला फार आवडते. वाऱ्याचा त्याच्याशी अर्थातच काही संबंध नाही. पण पठारावरून समुद्राकडे उतरण्याची वाट फौजेला तीच आणि वाऱ्यालाही तीच.

दांतनपासून राजकनिकापर्यंत

वहिनींच्या माहेरी जायचे म्हणजे हावड्याच्या गाडीने खडगपूरपर्यंत जायचे, तिथे गाडी बदलायची. मग दांतन, जलेश्वर आणि बालासोर. खिडकीतून भातखाचरे, पोफळी, तळी आणि मातीच्या भिंतींची घरे दिसतात. या हिरव्या, निवांत पट्ट्यावर 24 मार्च 1998 रोजी टोर्नेडो उतरला. बंगालमधले दांतन आणि सीमेपलीकडचा बालासोर जिल्हा, दोन्हींकडची गावे त्यात सापडली. दीडशेहून अधिक माणसे गेली. छत्तीसगड राज्य तेव्हा व्हायचे होते. भिलाई मध्य प्रदेशात होते.

"त्या दिवसापासून आमच्या घरी दुपारी कुणी आडवं होत नाही," वहिनी सांगतात, आणि लगेच विषय बदलतात. मीही अधिक विचारत नाही.

अकरा वर्षांनी, 31 मार्च 2009 रोजी, पुन्हा तेच. या वेळी जागा होती केंद्रपाडा जिल्ह्यातले राजकनिका, भितरकनिकाच्या खारफुटीजवळचे. दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पंधरा माणसे दगावली, कितीतरी जखमी झाली. त्याची तीव्रता 'एफ 3' ठरवण्यात आली, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरांच्या वर. ही मोजपट्टी तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत 1971 साली तयार केली. टोर्नेडोच्या आत उपकरण टिकत नाही, म्हणून काय मोडले, किती मोडले, हे पाहून वाऱ्याचा वेग ठरवायचा, ही त्याची युक्ती. नुकसान पाहून जोर ओळखण्याची विद्या त्याने आधी नागासाकीच्या राखेत अभ्यासली होती.

राजकनिकाच्या टोर्नेडोचे एक वेगळे महत्त्व आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या दिवसाची हवा संगणकावर पुन्हा उभी करून पाहिली आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. उन्हाळी गडगडाटी वादळांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी देशात 2005 पासून 'स्टॉर्म' नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. तोवर अशा घटना 'तुफान आले, गाव गेले' एवढ्या नोंदीवर संपत.

नोंदी तशा जुन्या आहेत. 8 एप्रिल 1838 रोजी कोलकात्याच्या पूर्वेकडून असाच एक भोवरा गेला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या वेळच्या वृत्तान्तात एक बारीकसा बांबू विटांच्या जाड बांधकामातून आरपार घुसल्याचे लिहिले आहे. वाचताना मला आमच्या गच्चीवरची वाळवणाची काठी आठवली. मारतो तो निव्वळ वारा नव्हे, हे त्यातून ध्यानात येते. वाऱ्याने उचललेली वस्तू मारते. पत्रा, वासा, वीट, चूल. गरिबाच्या घराचे छप्परच शेजाऱ्यावर शस्त्र होऊन पडते.

आठ दिवस आणि आठ मिनिटे

29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या घावातून हे राज्य जे शिकले, त्याला तोड नाही. आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्राधिकरण, किनाऱ्यावर पक्के निवारे, गावोगावी स्वयंसेवक. 2013 साली फायलिन आले तेव्हा जवळपास दहा लाख माणसे आधीच हलवली गेली आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर राहिला. मे 2019 मध्ये फानीच्या वेळीही बारा लाखांच्या आसपास लोक हलवले. एखाद्या गरीब राज्याने मनावर घेतले तर काय होते, याचे हे उदाहरण महाराष्ट्रानेही गिरवण्यासारखे आहे.

पण ही सगळी व्यवस्था उभी आहे ती 'वेळ आहे' या एका गृहीतावर. चक्रीवादळ चार-पाच दिवस आधी उपग्रहाला दिसते. टोर्नेडो तसा दिसत नाही. आज कोलकाता आणि पारादीपची डॉप्लर रडार ढगातला वारा पाहू शकतात. हवामान खाते पुढच्या तीन तासांचा इशारा देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अॅप जवळपास कोसळणाऱ्या विजांची सूचना मोबाइलवर पाठवते. यातून 'तुमच्या जिल्ह्यात आज संध्याकाळी जोरदार वादळ होईल' इतके कळते. 'तुमच्या गावावर सोंड उतरेल' हे कळत नाही. 31 मार्च 2024 रोजी उत्तर बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडी भागात दुपारी असेच काही मिनिटांचे तांडव झाले आणि पाच जणांचा बळी गेला. समुद्र तिथून कितीतरी दूर. राजधानीही यातून सुटलेली नाही; 17 मार्च 1978 रोजी उत्तर दिल्लीत टोर्नेडोने सुमारे तीस माणसे मारली होती.

म्हणून जी मिनिटे हातात असतात त्यांत काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक हवे. वायव्येला शाईसारखा काळा ढग, त्यात हिरवट छटा, मोठ्या गारा, आणि आगगाडी अंगावर यावी तसा घोंघावणारा आवाज, असे झाले की बाहेर येऊन मोबाइलवर चित्र घेत बसू नये. (हल्ली हा मोह फार वाढला आहे.) स्लॅबचे घर असेल तर तळमजल्यावर, खिडक्यांपासून दूर, मधल्या खोलीत बसावे, न्हाणीघर लहान आणि चहूबाजूंनी भिंतींचे असते, तेही चालते. डोक्यावर गादी किंवा जाड गोधडी घ्यावी. घर पत्र्याचे असेल तर वेळ आहे तोवर शेजारच्या पक्क्या घरात जावे, आणि तेही दूर असेल तर खोलगट जागी पालथे पडून डोके हातांनी झाकावे. आंब्याखाली अजिबात उभे राहू नये. खिडक्या उघडल्या तर घर वाचते, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे आणि खिडकीपाशी जाणारा माणूस मात्र हकनाक जखमी होतो. वादळ गेल्यावर तुटलेल्या तारांना हात लावू नये, डबक्यातूनही जाऊ नये.

हे मी वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: "गाईचं दावं सोडायचं लिहा. लोक गाय सोडायला परत जातात, म्हणून आधीच सोडायचं." ती मी इथे लिहिली आहे.

गेल्या शनिवारी पद्मनाभपुरात पारा चढलेलाच होता. पाचच्या सुमारास आमच्याकडे धुळीचे एक लोट उठले आणि वाळवण गोळा करताना तारांबळ झाली. पापड्यांवर धूळ बसलीच. वहिनी एका हाताने चादरीचे टोक धरून दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होत्या. बोलणे ओडियातून, त्यामुळे मला 'मेघ' एवढाच शब्द कळला. फोन ठेवून त्यांनी चादर माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "पाऊस लागलाय. नुसता पाऊस. आता भाचीच्या परीक्षेचं विचारते."