'स्विच ऑफ' होणं म्हणजे काय? गिऱ्हाईक समोर असूनही निघून जातं तेव्हा…



फोन स्विच ऑफ असतो हे आपल्याला माहीत आहे. पण इंग्रजीत माणूससुद्धा 'स्विच ऑफ' होतो! कंटाळा आला, ऐकण्यातला रस संपला आणि लक्ष उडालं, की हे क्रियापद वापरतात.

'द कस्टमर स्विच्ड ऑफ आफ्टर टू मिनिट्स.'
म्हणजे, दोन मिनिटांतच गिऱ्हाइकाचं लक्ष उडालं. माणूस काउंटरसमोर, मन मात्र दुसरीकडे.

याचा आणखी एक अर्थ आहे: कामाचा विचार बाजूला ठेवून निवांत होणं.
'आय कान्ट स्विच ऑफ आफ्टर वर्क.'
म्हणजे, शटर खाली ओढलं तरी डोक्यातलं दुकान चालूच! कोणता अर्थ घ्यायचा, ते मागच्या-पुढच्या बोलण्यावरून ठरतं.

आता 'फेड अप' आणि 'स्विच ऑफ' यांत गल्लत करू नका. 'आय ॲम फेड अप विथ लेट पेमेंट्स' म्हणजे उधारी वेळेवर येत नाही, मी वैतागलोय. त्यात चीड आहे. 'स्विच ऑफ'मध्ये चीड असेलच असं नाही, आणि धंद्याला धोका तिथेच आहे. चिडलेलं गिऱ्हाईक निदान भांडतं, आपल्याला चूक कळते. स्विच ऑफ झालेलं गिऱ्हाईक गोड हसतं, 'बघतो, सांगतो' म्हणतं आणि जातं. आपल्याला वाटतं, भाव जास्त वाटला असेल!

समजा, एक ताई विचारतात, "चार माणसांच्या घराला कोणता मिक्सर घेऊ?" तुम्ही वॅट, मोटर, वॉरंटी, कंपनीचा इतिहास सगळं सांगत सुटलात. त्या मोबाइल काढतात, नुसतं "हं, हं" करतात. झालं, स्विच ऑफ!

अशा वेळी तीन गोष्टी करा. बोलणं थांबवा. एक प्रश्न विचारा: "इडली-डोशाचं पीठ रोज वाटता का?" मग त्या उत्तराला जुळणारे दोनच मिक्सर समोर ठेवा.

आणि हो, कंटाळा आला म्हणून 'आय ॲम बोरिंग' म्हणू नका, त्याचा अर्थ 'मी कंटाळवाणा आहे' असा होतो! 'आय ॲम बोर्ड' म्हणा.

आजचा गृहपाठ: दिवसभरात किती गिऱ्हाइकं तुमचं बोलणं चालू असताना स्विच ऑफ झाली, ते वहीत लिहा. नेमकं कोणत्या वाक्याला झाली, तेही लिहा. उद्या दुकान उघडलं की आधी ते वाक्य गाळा.