एका नटाचा परकायाप्रवेश

जेरेमी ब्रेट आणि दूरचित्रवाणीवरचा शेरलॉक होम्स

रहस्यकथा एकदा वाचून झाली की तिच्यातला जीव गेला, असे पुष्कळांचे मत असते. खुनी कोण हे एकदा कळले, मग ते पुस्तक पुन्हा हाती धरण्यात काय हशील? शेरलॉक होम्सच्या कथांना मात्र हा नियम लागू पडत नाही. घंटेच्या दोरीवरून खाली उतरणारा साप, तांबड्या केसांच्या माणसांची ती अजब संस्था, माळरानावर रात्री ओरडणारा कुत्रा ही सारी रहस्ये आपल्याला पाठ असतात. तरीही पावसाळी दुपारी आपण कपाटातून तेच पुस्तक काढतो. भालबा केळकरांनी या कथा मराठीत आणल्या, तेव्हापासून मराठी घरांतूनही होम्सला परका पाहुणा म्हणून कोणी वागवलेले नाही.

शिवाय या कथांचा आणि आपल्या मुंबईचा एक बारीकसा धागा आहे. होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन हा लष्करातला वैद्य. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत तो अफगाण युद्धावर निघतो तो मुंबईच्या बंदरात उतरूनच! पुढे मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते, पेशावरला विषमज्वर गाठतो आणि खंगलेल्या देहाने तो लंडनला परततो. तेथे स्वस्तातल्या बिऱ्हाडाच्या शोधात त्याची होम्सशी गाठ पडते. बेकर स्ट्रीटवरच्या त्या बिऱ्हाडाची कीर्ती पुढे जगभर झाली.

अशा पाठ झालेल्या गोष्टी पडद्यावर दाखवणे म्हणजे मोठे जोखमीचे काम. प्रेक्षकाच्या मनात होम्स आधीच ठाण मांडून बसलेला असतो. नटाची मान जरा चुकीच्या बाजूला वळली की प्रेक्षक म्हणतो, “छे, हा आमचा होम्स नव्हे!” ही परीक्षा ज्याने सर्वांत उत्तम रीतीने उतरवली, आणि त्यासाठी फार मोठे मोल दिले, त्या नटाची ही हकीकत.

७७ पानांची वही

सर आर्थर कॉनन डॉइल १९३० साली वारले. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे पन्नास वर्षांनी त्यांच्या लेखनावरचे हक्क सुटले आणि मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने होम्सच्या कथा नव्याने चित्रित करण्याचे मनावर घेतले. निर्माते होते मायकेल कॉक्स. त्यांचा निश्चय साधा होता: डॉइलने लिहिला तसाच होम्स दाखवायचा.

यात नवल ते काय, असे वाटेल. पण तोवर होम्स बराच बिघडला होता. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन या नटाने चौदा चित्रपटांतून होम्स रंगवला होता. तो होम्स रुबाबदार होता खरा, पण त्यातल्या बहुतेक चित्रपटांत त्याला थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणून बसवले होते. आणि वॉटसन? नायजेल ब्रूसने रंगवलेला तो वॉटसन म्हणजे धांदरट, विसरभोळा म्हातारा. हुशार माणसाने असल्या मित्राबरोबर वर्षानुवर्षे बिऱ्हाड का करावे, याचा उलगडा कोणालाच होईना. होम्सच्या तोंडी बसलेले ते ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे सुप्रसिद्ध वाक्यदेखील डॉइलच्या साठ कथा-कादंबऱ्यांत त्या शब्दांत कोठेही सापडत नाही!

कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ कथा चाळून चाळून एक टिपणवही तयार केली. तिची पाने ७७. होम्स काय खातो, काय पितो, कसा बसतो, खोलीत कोणती वस्तू कोठे ठेवतो, वॉटसनच्या सवयी कोणत्या, सारे तिच्यात टिपलेले. मँचेस्टरला स्टुडिओच्या आवारात अख्खा बेकर स्ट्रीट उभारण्यात आला. ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेट या चित्रकाराने १८९१ पासून काढलेली चित्रे समोर ठेवून कित्येक प्रसंग हुबेहूब त्याच मांडणीने चित्रित झाले. त्या कानटोपीवजा टोपीचेही तसेच. ती शिकाऱ्यांची, खेड्यापाड्यांत घालायची टोपी; लंडनच्या रस्त्यात सभ्य गृहस्थ ती घालणार नाही. म्हणून या मालिकेतला होम्स शहरात उंच काळी हॅट घालूनच हिंडतो.

सुटाच्या लेबलावरचे नाव

होम्सच्या भूमिकेसाठी निवड झाली जेरेमी ब्रेटची. त्याचे खरे आडनाव हगिन्स. जन्म १९३३चा, वडील लष्करी अधिकारी, शिक्षण ईटनच्या नामांकित शाळेत. मुलगा नट होणार हे वडिलांना रुचले नाही. घराण्याचे नाव नाटकाच्या जाहिरातीत दिसता कामा नये, असा त्यांचा हुकूम. तेव्हा चिरंजिवांनी आपल्या पहिल्या सुटाच्या लेबलावर शिंप्याचे नाव वाचले, ‘ब्रेट’, आणि तेच धारण केले, असे सांगतात.

या मुलाला जन्मतः बोलण्यात दोष होता. ‘र’ हा वर्ण धड उमटत नसे. शस्त्रक्रियेने तो सुधारला, तरी उच्चारांचा रोजचा सराव त्याने जन्मभर सोडला नाही. होम्सचे ते धारदार, प्रत्येक अक्षर टाचणीने टोचल्यासारखे बोलणे ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ रचली, त्याच नाटकावरच्या ‘माय फेअर लेडी’ या १९६४च्या चित्रपटात नायिकेच्या दारासमोर घुटमळणारा देखणा तरुण फ्रेडी तो हाच. आणखी एक गंमत म्हणजे होम्स होण्याआधी अमेरिकेतल्या एका नाटकात त्याने वॉटसनचे काम केले होते!

२४ एप्रिल १९८४ रोजी ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही पहिली कथा ब्रिटनमध्ये दाखवली गेली आणि लोक चकित झाले. हा होम्स क्षणात विजेसारखा जमिनीवर झेप घेऊन गालिचा हुंगतो, तर क्षणात खुर्चीत पुतळ्यासारखा निश्चल बसतो. ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटते न उमटते तोच मावळते. बुद्धीचा गर्व आहे, पण कंटाळ्याची भीतीही आहे. आणि त्याच्या शेजारी डेव्हिड बर्कचा वॉटसन होता, शहाणा, धीराचा आणि मित्रावर जीव टाकणारा. आता कोठे लोकांना कळले की ही जोडी का जमली!

दूध पिणारा साप

मूळ कथेशी इमान राखायचे म्हणजे किती, याचा एक मासला आपल्या वाचकांना विशेष रुचेल. ‘द स्पेकल्ड बँड’ या कथेतला दुष्ट डॉक्टर रॉयलॉट कलकत्त्याला वैद्यकी करून आलेला. तो हिंदुस्थानातला विषारी साप पाळतो, भिंतीतल्या झरोक्यातून सावत्र मुलीच्या अंथरुणावर सोडतो आणि शिट्टी वाजवून, बशीतल्या दुधाची लालूच दाखवून परत बोलावतो.

आता नागपंचमीला आपणही वाटी पुढे करतो, ते सोडा. पण साप दूध पीत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सापाला बाहेरचे कान नसतात. शिट्टीच्या उंच सुराला तो ओ देईल, हे कठीणच. डॉइलने ज्याला ‘दलदलीतला साप’ म्हटले, तशी जातही आपल्याकडे कोणाला सापडलेली नाही. ग्रॅनाडाच्या मंडळींनी दूध आणि शिट्टी दोन्ही ठेवली. आणि गंमत अशी की अंधाऱ्या खोलीत होम्स व वॉटसन श्वास रोखून बसतात, तेव्हा सर्पशास्त्र कोणाला आठवतच नाही.

मात्र हे इमान आंधळे नव्हते. डॉइलने मोरियार्टी हा महाखलनायक ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये अचानक आणला आणि त्याच कथेत संपवला. मालिकेत त्याची चाहूल आधीच्या तांबड्या केसांच्या कथेतच लागते. १९८५ साली ‘द फायनल प्रॉब्लेम’चे चित्रीकरण स्वित्झर्लंडमध्ये खऱ्या राइखेनबाख धबधब्यावर झाले. तारांना बांधलेले दोन कसबी कसरतपटू त्या फेसाळ दरीत कोसळले, ते दृश्य पाहताना आजही पोटात गोळा उठतो.

दोन घाव

येथवरची कथा यशाची. पुढची वेगळी आहे.

१९८५च्या जुलैमध्ये ब्रेटची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने वारली. ती अमेरिकेतल्या बोस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रात रहस्यमालिकांची निर्माती. ब्रेटची ही मालिका अमेरिकेत तिच्याच कार्यक्रमातून पोहोचली होती. त्याच सुमारास बर्कनेही मालिका सोडली. कारण घरगुती होते. मुलगा लहान, आणि पत्नीबरोबर काम करता येईल अशी नाटकाची संधी चालून आलेली. जाताना त्याने आपल्या जागी एडवर्ड हार्डविक हे नाव सुचवले, आणि ती निवड इतकी अचूक ठरली की वॉटसन बदलल्याचे दुःख प्रेक्षकांना फार दिवस राहिले नाही. बर्कचा तो लहानगा मुलगा टॉम २०१७ पासून ‘स्ट्राइक’ या मालिकेत स्वतःच खाजगी गुप्तहेर म्हणून गाजतो आहे!

ब्रेट पुन्हा कामावर आला, होम्सला धबधब्यातून परत घेऊन आला. पण मन सावरले नव्हते. १९८६ साली त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. उन्माद आणि औदासीन्य यांचे आळीपाळीने झटके येणारा मनोविकार त्याला जडला होता. लिथियमची औषधे सुरू झाली. लहानपणी संधिज्वराने दुखावलेले त्याचे हृदय आधीच कमकुवत होते. अंगावर सूज चढू लागली. तो सडपातळ, काटक होम्स पुढच्या वर्षांत पडद्यावर जड आणि थकलेला दिसू लागला. त्यात १९८८ पासून वर्षभर लंडनच्या रंगभूमीवरही तो हार्डविकबरोबर होम्सच साकारत होता.

रंगभूमीवरचा नट खेळ संपला की तोंडावरचा रंग पुसून घरी जातो. पण दहा वर्षे तेच पात्र करायचे, आणि ते पात्र एकाकी, निद्राहीन, औदासीन्यात बुडणारे, म्हणजे रंग पुसायचा तरी केव्हा? ब्रेटने होम्सचे बालपणही मनाशी रचले होते, प्रेमाला पारखे झालेले. पुढे पुढे तर त्याला होम्सचे नाव घेणेही नकोसे वाटे; ‘तो’ एवढेच म्हणे.

वाळूत पुरलेली सुई

या काळातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मूळ कथांतला होम्स कंटाळा आला की कोकेन टोचून घेतो. ही मालिका लहान मुलेही आवडीने पाहतात, हे ब्रेटच्या ध्यानात आले आणि त्याला ते लागून राहिले. एरवी मूळ कथेतला शब्द बदलू न देणारा, संहिता लिहिणाऱ्यांशी वाद घालणारा हा माणूस. पण या वेळी त्यानेच बदल सुचवला. डॉइलच्या कन्या डेम जीन कॉनन डॉइलबाई तेव्हा हयात होत्या. त्यांची संमती त्याने घेतली. १९८८च्या ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर होम्स आपली सुई वाळूत पुरून टाकतो. तोंडातून शब्द निघत नाही.

त्याच कथेत विषारी धुराने भ्रम होऊन होम्स किंचाळतो, तेव्हा वॉटसनला हाक मारतो ती “जॉन!” अशी. डॉइलच्या होम्सने साऱ्या आयुष्यात मित्राला कधी पहिल्या नावाने हाक मारली नाही. तो शब्द ब्रेटचा. शुद्ध हरपत असताना माणूस उपचार विसरतो आणि जवळच्याला नावाने हाक मारतो, हे त्याला कळले होते.

शेवटची कथा

१९९४ची अखेरची मालिका त्याने जवळजवळ आजारीपणातच पुरी केली. एका कथेला तो उभाच राहू शकला नाही, तेव्हा होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट पुढे आणून वेळ निभवावी लागली. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ या कथेत होम्स मरणोन्मुख असल्याचे सोंग करतो; त्या वेळी पाहणाऱ्यांना सोंग कोठे संपते हे ओळखणे अवघड गेले. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत एकूण ४१ भाग झाले. साठांपैकी सर्व कथा चित्रित करण्याचे त्याचे स्वप्न अपुरे राहिले. ज्या कादंबरीत वॉटसन मुंबईला उतरतो, ती देखील राहूनच गेली.

मनोविकार म्हणजे घराण्याला बट्टा, तो झाकून ठेवावा, अशी समजूत इंग्लंडातही होती. आपल्याकडे तर आहेच. ब्रेटने मात्र आपला आजार लपवला नाही. अशा रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी त्याने १९९५ साली रेडिओवरून लोकांना आवाहन केले. थोड्याच दिवसांनी, १२ सप्टेंबर १९९५ रोजी, झोपेतच त्याचे हृदय थांबले. वय अवघे ६१.

त्यानंतर होम्स पुष्कळ झाले. कोणी त्याच्या हाती मोबाइल दिला, कोणी त्याला न्यूयॉर्कला नेले. ते सारे आपापल्या परीने चांगलेच आहेत. पण घरातल्या मुलांना होम्सची पहिली ओळख करून द्यायची असेल, तर या ४१ भागांतले आरंभीचे एक-दोन लावावेत. आणि मुले मोठी झाली की त्यांना ‘द डेव्हिल्स फूट’ दाखवावी. वाळूत सुई पुरणारा तो हात होम्सचा की ब्रेटचा, याचा उलगडा बेकर स्ट्रीटच्या चतुर भाडेकरूलाही करता आला नसता.